टोकं तुझी, मधलं आतड्याचं

सोनू बाई,

परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, पुण्यात आल्यापासून पोट रोज रुसतंय." मग हळूच सगळं बाहेर आलं: सकाळी नुसता चहा, दुपारी कॉम्प्युटरपुढं वडापाव, रात्री अकराला जेवण आणि साडेअकराला आडवी. अगं, त्या पोटाची काय चूक?

मी काही शहाणी आहे म्हणून सांगत नाही. तीस वर्षं माकणीच्या पंचक्रोशीतल्या पोरांना फळ्यावर पचनसंस्था काढून दाखवली आणि तेवढीच वर्षं स्वतःचा डबा मधल्या सुट्टीत सात मिनिटांत संपवला. तोंडापासून खालपर्यंत ही नळी आठ-नऊ मीटर लांब. तिच्या फक्त दोन टोकांवर तुझी हुकमत चालते, मधलं सगळं तुला न विचारता होतं. म्हणून माझे कानमंत्र बहुतेक टोकांचेच आहेत.

१. घास इतका चाव, की बिनसाखरेची भाकर गोड लागली पाहिजे — लाळेतलं अमायलेज नावाचं विकर पिठातल्या स्टार्चची साखर करायला तोंडातच लागतं.

हे मी दरवर्षी वर्गात करून दाखवायची. भाकरीच्या तुकड्यावर आयोडिनचा थेंब टाकला की तो काळानिळा पडतो, कारण आत स्टार्च आहे. मग प्रत्येकाच्या हातावर एकेक तुकडा द्यायचा आणि सांगायचं, गिळायचं नाही, शंभर आकडे मोजेपर्यंत चावायचं. पन्नासच्या आसपास कुणीतरी डोळे मोठे करायचं, "बाई, गोड लागतंय!" तो लगदा पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर आयोडिन टाकलं की रंग फिका पडायचा. मागच्या बाकावरचं एक पोरगं मात्र दरवर्षी विसाव्या आकड्यालाच गिळून मोकळं व्हायचं. पोरगं बदलायचं, बाक तोच.

२. शेळीची बरोबरी करू नकोस — आपल्या भागातली उस्मानाबादी शेळी घाईघाईत ओरबाडते आणि मग सावलीत बसून तेच वर आणून रवंथ करते. तुला ती सोय नाही. शेळीला दोनदा, माणसाला एकदा.

३. पुढचा घास हातात घेऊन आधीचा चावत बसू नकोस — पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात, आणि तू दहात उठतेस. भूक मागते वाटी, डोळे मागतात परात.

४. जेवताना घोटभर पाणी पिलीस तर बिघडत नाही — त्यानं पोटातला अग्नी विझतो असं आपली आजी म्हणायची, पण जठरातलं आम्ल पेलाभर पाण्याला भीक घालत नाही. फक्त घास ढकलायला पाणी वापरू नकोस, ते लाळेचं काम आहे. दिवसाला लिटरभराच्या आसपास लाळ तयार होते, ती काय नुसती बोलायला?

५. भांडण ताटावर घेऊ नकोस, फोनवरचं सुद्धा — रागात जठराचं काम मंदावतं.

हे मी मनानं सांगत नाही. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जखम भरताना पोटाला बाहेरून जठरात उघडणारं भोक कायमचं राहिलं. विल्यम ब्यूमाँट नावाच्या डॉक्टरानं त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधून मांस, भाजी आत सोडली, ठरावीक वेळानं वर ओढली आणि किती विरघळलं ते लिहून ठेवलं. वर्षानुवर्षं. १८३३ मध्ये त्याचं पुस्तक आलं. जठर नुसतं घुसळत नाही, त्याचा रस अन्न विरघळवतो, हे त्यातून पक्कं झालं. आणि माणूस चिडला की पचन बिघडतं हेही त्यानं टिपलं. मला त्या डॉक्टरापेक्षा सेंट मार्टिनचंच जास्त वाटतं. जेवायचं ह्यानं आणि दोरा ओढायचा दुसऱ्यानं. चिडणार नाही तर काय करणार?

६. एका बैठकीला दोन जेवणांचा ऐवज भरू नकोस — जठर म्हणजे लिटर-दीड लिटरची पिशवी, आणि तिच्या खालच्या दारातून एका वेळी थोडंच सुटतं.

हे दार समजावायला माकणीच्या पोरांना मला कधी तक्ता लागला नाही. निम्न तेरणेचं धरण सगळ्यांनी पाहिलेलं. साठा वर असतो आणि कालव्याला झेपेल तेवढंच पाणी सोडतात. जठर तसंच आहे. आत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन यांच्यात अन्न दोन ते चार तास घुसळतं, त्याची पातळ पेज होते आणि ती घोट घोट लहान आतड्यात जाते. तेलकट, तुपकट खाल्लं की आतड्याकडून निरोप जातो, "थांब, अजून मागचं आवरलं नाही," आणि दार आणखी हळू उघडतं. लग्नातल्या जेवणानंतर रात्रभर दगड ठेवल्यासारखं होतं ते त्यामुळं.

७. जेवल्यावर दोन-तीन तास आडवी होऊ नकोस, आणि व्हायचंच तर डाव्या कुशीवर हो — त्या कुशीवर जठराचं वरचं तोंड आम्लाच्या वर राहतं, जळजळ घशाकडं येत नाही. तुझे आजोबा वामकुक्षी म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, झोपेला संस्कृत नाव दिलंय.

८. जेवणानंतर गल्लीच्या टोकापर्यंत चालून ये — हळू चालण्यानं जठर अन्न पुढं सरकवायला लागतं आणि रक्तातली साखर एकदम उसळत नाही. धावू नकोस, शतपावली म्हणतात, शर्यत नाही.

९. ठेच्याला उगाच बदनाम करू नकोस — जठरातल्या बहुतेक व्रणांमागं हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. मिरची जुनी जखम झोंबवते, ती करत नाही. हे मान्य करून घ्यायला बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरानं १९८४ मध्ये तो जिवाणूच पिऊन दाखवला, आणि २००५ मध्ये त्याला व त्याचा सहकारी रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं.

१०. डोकं दुखलं की उपाशीपोटी वेदनाशामक गोळी टाकायची सवय सोड — जठर स्वतःला पचवत नाही ते आतल्या बुळबुळीत थरामुळं, आणि या गोळ्या तोच थर पातळ करतात. मी गुडघ्यासाठी तीन महिने अशा गोळ्या मनानंच खाल्ल्या. काळी शी झाली तेव्हा शुद्धीवर आले. आतमध्ये रक्त जात होतं, आणि मी समजत होते, कारळाच्या चटणीचा रंग आहे.

आता मधला कारखाना. तिथं तुझं काही चालत नाही, तरी ओळख असू दे. लहान आतडं सहा मीटरच्या आसपास. सुरुवातीलाच यकृताचं पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्यात येऊन पडतो. पित्त तेलाचे बारीक थेंब करतं. खरकट्या परातीवर साबण करतो तेच. मग लायपेज त्या थेंबांना भिडतं, ट्रिप्सिन डाळीतल्या प्रथिनांचे तुकडे पाडतं, उरलेल्या स्टार्चची साखर होते. आतड्याच्या आतल्या बाजूला जाड टॉवेलसारखे बारीक बारीक केस उभे असतात. सगळे सपाट पसरले तर एखाद्या खोलीभर जागा व्हावी. पचलेलं तिथूनच रक्तात शिरतं. आणि ते रक्त आधी यकृताकडं जातं, मग अंगभर. आल्या मालाची तिथं तपासणी होते. चरबी तेवढी वेगळ्या वाटेनं, लसिकेतून जाते. खाल्लेलं पोटात गेलं म्हणजे अंगाला लागलं असं नाही, ते या केसांनी उचललं तर लागलं.

११. जेवणावर चहा नको, एक तास जाऊ दे — चहातली टॅनिनं पालेभाजी आणि ज्वारीतलं लोह धरून ठेवतात, ते तसंच खाली जातं. माझं हिमोग्लोबिन आठवर आलं तेव्हा मेथी रोज खात होते आणि तिच्या पाठोपाठ कपभर चहा पाठवत होते.

१२. वरणावर लिंबू पिळ — क जीवनसत्त्व सोबत असलं की तेच लोह आतड्यातून जास्त शोषलं जातं. लिंबाची फोड ताटात शोभेला ठेवत नाहीत.

१३. हुलगे, हरभरे, राजमा रात्रभर भिजव आणि ते पाणी फेकून दे — कडधान्यातल्या काही साखरा आपल्याला पचत नाहीत, त्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातात आणि ते वायू करतात. पाण्यात त्यातल्या थोड्या उतरतात, तेवढाच ऑफिसात कमी आवाज.

१४. दूध बाधत असेल तर ताक करून बघ — मोठेपणी पुष्कळांच्या आतड्यात दुधाची साखर फोडणारं विकर कमी होतं. विरजणातले जिवाणू त्यातलं थोडं काम आधीच उरकतात. आंबलं ते भांडलं नाही.

आपली येळवस, शेतात जेवायचा सण, आठव. आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबिलीचं मडकं कोपऱ्यात ठेवायचं. रात्री झाकण काढलं की आंबूस वास आणि वर बारीक बुडबुडे. तू लहानपणी कान लावून बसायचीस, "आत्या, आत कोण बोलतंय?" जिवाणूच बोलत असत. आंबण्यात ज्वारीतले फायटेट कमी होतात आणि लोह-जस्त सुटं होऊन शोषायला सोपं जातं. दुसऱ्या दिवशी शेतात भज्जी, उंडे, आंबील. भज्जीत ओली तूर, हरभरा, वाटाणा, वाल, जे शेतात आहे ते, वर चिंचेचा कोळ, म्हणजे इतका चोथा की मोठ्या आतड्याचीही येळवस. आमच्या आयांना यातला एक शब्द माहीत नव्हता. त्यांना आंबील पोटाला थंड वाटायची, तेवढं पुरलं.

१५. चोथा वाढवायचा तर आठवड्याभरात हळूहळू वाढव, आणि पाणीही वाढव — एकदम वाढवलास तर पोट फुगेल आणि तू आत्याला नावं ठेवशील.

हे बहात्तरच्या दुष्काळानं शिकवलं. घरची ज्वारी संपली आणि अमेरिकेची लाल मिलो आली. धान्य परकं, पाणी कमी. पहिले दिवस घरात सगळ्यांची पोटं कडक. आई म्हणायची, पोट नव्या सुनेसारखं असतं, वेळ द्यावा लागतो. (तिला स्वतःच्या सासूनं किती वेळ दिला, ते वेगळं प्रकरण आहे.)

१६. जुलाब लागले तर पहिल्यांदा पाणी, साखर, मीठ — एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, अंदाजपंचे नाही.

यामागचं काम फार सुंदर आहे. आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे की ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम हातात हात घालून आलं तरच आत घेतं, आणि त्यांच्यामागं पाणी जातं. जुलाबातही ते दार बहुधा चालू असतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात असंच पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती पेले दिले. जिथं शंभरातले तीसेक दगावत होते, तिथं तीन-चारवर आलं. आता पुडी मिळते, ओआरएस नावाची; एक पर्समध्ये ठेव.

१७. सकाळी काहीतरी खाऊन दहा मिनिटं मोकळी ठेव — पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपणहून हलायला लागतं, सकाळी जरा जास्तच. त्या वेळेला तू बसच्या रांगेत असतेस.

१८. लागली की जा, मीटिंग थांबेल — मोठं आतडं पाणी शोषतच राहतं. थांबवलेली शी दर तासाला कोरडी होते. आपल्या भागात भूकंप झाला, त्यानंतर कित्येक दिवस आम्ही घराबाहेर राहिलो, आडोसा नाही म्हणून बायका अंधाराची वाट बघायच्या, पाणीसुद्धा कमी प्यायच्या. त्यात कितीजणींना मूळव्याध जडली, ते कुणी मोजलं नाही.

१९. कमोडवर पायाखाली बुटका पाट घे — गुडघे वर आले की शेवटचं वळण सरळ होतं. आणि फोन बाहेर ठेव, तिथं वाचनालय नाही.

२०. रक्त पडलं, काळी डांबरासारखी शी झाली, विनाकारण वजन उतरलं, किंवा पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला कळ बसून ताप आला, तर मला फोन करू नकोस, डॉक्टरकडं जा — मी ओव्याचा अर्क सांगीन आणि त्यात वेळ जाईल. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, ते मात्र डॉक्टरला आधीच सांग.

येळवसला सुट्टी काढ. मडकं मी आदल्या दिवशी घालून ठेवते, कान लावायला तूच ये. चहा मिळेल, पण जेवणानंतर तासाभरानं. रडलीस तरी आधी नाही.

तुझी,
मोठी आत्या