कौशल्य आणि अमानत : बिघडलेल्या कामानंतर विश्वास कोणावर ठेवावा?

गेल्या पावसाळ्यात घाटकोपर पश्चिमेकडील एका साप्ताहिक दर्सनंतर सारे पांगले, तरी एक तरुण थांबून राहिला. त्याचा प्रश्न नमाजविषयी नव्हता, जकातविषयीही नव्हता. तो रोज सकाळी मोटारसायकलवरून आठ वर्षांच्या मुलीला असल्फ्याच्या शाळेत सोडतो आणि तसाच अंधेरी-घाटकोपर जोडरस्त्याने कामावर जातो. पाऊस सुरू होण्यापूर्वी त्याने ओळखीच्या गॅरेजमध्ये मागच्या चाकाचे ब्रेक-लायनर बदलून घेतले व मजुरी जागच्या जागी चुकती केली. पाचव्या दिवशी भर पावसात त्याने ब्रेक दाबला. पायाखालचा दांडा पार खाली गेला, परंतु चाक थांबेना. पुढच्या ब्रेकच्या जोरावर गाडी कशीबशी थांबली तेव्हा समोरची बस हातभर अंतरावर होती आणि मागे बसलेल्या मुलीने बापाच्या कमरेला घट्ट मिठी मारली होती.

घरी दोन मते झाली. पत्नी म्हणाली, “त्या माणसाच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका. मोमिन एकाच बिळातून दोनदा डसून घेत नाही, हे तुम्हीच मला सांगत असता.” वडील म्हणाले, “अरे, तो पाच वक्ताचा नमाजी आहे, पहिल्या सफेत उभा राहतो. मोमिनाविषयी बदगुमानी करणे गुनाह आहे.” तरुणाने मला विचारले, “दोघेही दीनचाच आधार घेत आहेत. मी कोणाचे ऐकू?”

प्रश्न एका गॅरेजचा दिसतो, परंतु शिंपी, सुतार, नळ दुरुस्त करणारा, घर बांधणारा ठेकेदार अशा अनेकांच्या हाती आपण रोज आपला पैसा आणि कधीकधी आपला जीव सोपवतो. म्हणून त्याचा विचार सविस्तर करणे उचित होईल.

संशय आणि चौकशी

दिव्य कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये दोन आदेश अगदी जवळजवळ आले आहेत. बाराव्या आयतीत श्रद्धावंतांना पुष्कळशा संशयापासून दूर राहण्यास सांगितले आहे, कारण काही संशय गुनाह ठरतात. त्याआधी सहाव्या आयतीत, दुराचारी माणसाने एखादी खबर आणली तर तिची शहानिशा करा, न जाणता कोणाला इजा पोहोचवून मागाहून पस्तावण्याची वेळ येऊ देऊ नका, असे बजावले आहे. ही आयत खबरेच्या संदर्भात आली असली तरी निवाड्यापूर्वी पडताळणी करावी हा धडा तिच्यातून सर्वांनाच मिळतो.

या दोन आयती एकत्र वाचल्या म्हणजे वडिलांची आणि सुनेची, दोघांचीही बाजू अर्धीच होती हे ध्यानात येते. संशयाला मनाई आहे, डोळे उघडे ठेवण्यास नाही. चौकशी न करता एखाद्याला लबाड ठरवणे हा जुलूम आहे. आणि चौकशी न करता तोच ब्रेक घेऊन उद्या पुन्हा लेकराला मागे बसवणे हाही जुलूमच आहे, स्वतःवर आणि त्या लेकरावर. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्या माणसाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले, ही तिर्मिजीतील हदीस आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तवक्कुल हे निष्काळजीपणाचे नाव नव्हे.

विश्वासाची दोन अंगे

ह. मूसा (अ.) मदयनच्या पाणवठ्यावर पोहोचले, त्यांनी दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजले. पुढे त्यांपैकी एकीने आपल्या वडिलांना त्यांना कामावर ठेवण्याची शिफारस केली. सूरह अल-कससच्या सव्विसाव्या आयतीत त्या मुलीने उत्तम कामगाराचे दोन गुण सांगितले आहेत : तो समर्थ असावा आणि अमानतदार असावा. ह. यूसुफ (अ.) यांनी मिसरच्या कोठारांची जबाबदारी मागताना आपले असेच दोन गुण सांगितले होते, राखणदारी आणि ज्ञान (कुरआन, १२:५५).

आपण ‘विश्वास’ हा एकच शब्द वापरतो, त्यामुळे हे दोन गुण एकमेकांत मिसळून जातात. प्रामाणिक परंतु कच्चा कारागीर आणि निष्णात परंतु लबाड कारागीर, दोघांच्याही हातून गाडी बिघडते. तरीही दोघांशी सारखे वागता येणार नाही. पहिल्याला क्षमा करावी, परंतु त्याच्या आवाक्याबाहेरचे काम त्याला देऊ नये. दुसऱ्याच्या बाबतीत कौशल्याचा प्रश्नच उरत नाही. जो जाणूनबुजून जुना भाग पुसून नव्याच्या भावाने बसवतो, त्याचा सफाईदार हात धोका अधिकच वाढवतो. बिघाड झाला म्हणजे पहिला प्रश्न असा विचारावा : येथे काय कमी पडले, कौशल्य की अमानत?

पहिल्या सफेची साक्ष

वडिलांचा मुद्दा नमाजीपणाचा होता. याविषयी ह. उमर (रजि.) यांच्या न्यायदानातील एक प्रसंग बैहकी यांनी नोंदवला आहे. एका माणसाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली. ह. उमर (रजि.) यांनी त्याला विचारले की तू त्याचा शेजारी आहेस का, दिनार-दिरहमचा व्यवहार त्याच्याशी केला आहेस का, त्याच्यासोबत प्रवास केला आहेस का? तिन्हींचे उत्तर नकारार्थी आले तेव्हा, तू त्याला ओळखत नाहीस, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

नमाजचे मोल यातून कमी होत नाही. परंतु सफेत शेजारी उभा असलेला माणूस पान्हा हाती घेतल्यावर कसा वागतो, हे सफेत कळत नाही; ते व्यवहारातच कळते. एखाद्याची दाढी पाहून त्याच्यावर ब्रेक सोपवणे जितके अनुचित, तितकेच ब्रेक बिघडल्यावर त्याच्या दाढीवरून टोमणे मारणेही अनुचित.

पडताळणी कशी करावी?

मी त्या तरुणाला आधी गाडी नीट पाहण्यास सांगितले. नवे लायनर हबमध्ये पूर्णपणे बसण्यास थोडी रपेट लागते. पहिल्या एक-दोन दिवसांत पकड किंचित कमी वाटली तर तो कारागिराचा दोष असेलच असे नाही. उलट पाचव्या दिवशी दांडा पार खाली जावा, हे स्वाभाविक नव्हे. पुष्कळ गाड्यांच्या मागच्या ब्रेकजवळ एक लहानसा बाण असतो व त्याच्यासमोर एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेपर्यंत पोहोचला तर लायनर झिजले आहेत, असे समजावे. नवे बसवले असतील तर बाण खुणेपासून बराच दूर राहायला हवा. एवढी गोष्ट पाहण्यास कोणी तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

त्याचबरोबर काही सवयी प्रत्येक घराने लावून घ्याव्यात. कामापूर्वी मजुरी ठरवून घ्यावी. आपल्याकडे “समजून द्या” किंवा “नंतर बघू” म्हणण्याची रीत आहे; ऐकताना ती दिलदारीची वाटते, परंतु भांडणाचे मूळ तेथेच रुजते. मजुराला कामावर लावताना त्याची मजुरी त्याला सांगावी, अशी शिकवण नसाईच्या हदीस संग्रहात आहे. सुटा भाग कंपनीचा बसवायचा की स्वस्तातला, हे आधीच बोलावे. काढलेला जुना भाग परत मागावा. कोणते काम झाले हे कागदावर लिहून घ्यावे; उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा अल-बकराच्या २८२व्या आयतीत आली आहे आणि लिहिण्याने कोणाचा अपमान होत नाही. दुरुस्तीनंतर रहदारीत शिरण्यापूर्वी गल्लीतच संथ वेगात ब्रेक तपासावा.

कारागिराची जबाबदारी

इस्लामी कायदेपंडितांनी या प्रश्नाचा बारकाईने विचार केला आहे. एकाच मालकाकडे राबणारा नोकर आणि दहाजणांची कामे घेणारा कारागीर यांत त्यांनी भेद केला. दुसऱ्याला ‘अजीर मुश्तरक’ म्हणतात. गॅरेजचा मेकॅनिक याच वर्गात मोडतो. त्याच्या ताब्यातील वस्तू त्याच्या कृतीविना नष्ट झाली तर काय, याविषयी मतभेद आहेत. इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते ती वस्तू त्याच्याकडे अमानत असते, त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.) टाळता न येणारी आपत्ती वगळता त्याला जबाबदार धरतात. परंतु त्याच्या स्वतःच्या कामामुळे, उदाहरणार्थ धोब्याच्या आपटण्याने कपडा फाटला, तर भरपाई त्याच्यावर येते, हे हनफी फिक्हमध्ये स्पष्ट आहे. ह. अली (रजि.) यांनी कारागिरांना जबाबदार धरल्याची आणि लोकांचे हित त्यावाचून साधणार नाही असे म्हटल्याचीही नोंद आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करील तो नुकसानीस जबाबदार राहील, अशी हदीस अबू दाऊद यांनी दिली आहे. ज्या हातांवर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे त्या हातांनी ती आपल्यालाही लागू आहे असे समजावे.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा उघडकीस आणणाऱ्या प्रेषितांनी (स.) भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, असे त्या व्यापाऱ्याला विचारले आणि फसवणारा आपल्यापैकी नव्हे असे सुनावले. मुस्लिममधील ही हदीस गॅरेजलाही तंतोतंत लागू पडते, कारण हबच्या आत काय आहे हे ग्राहकाला दिसत नाही.

ग्राहकाचा तराजू

सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये घेताना पुरेपूर माप घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांचा धिक्कार आहे. हा तराजू ग्राहकाच्याही हाती असतो. “सध्या चालेल असे करून दे” म्हणत सर्वांत स्वस्त भाग बसवून घ्यायचा आणि तो झिजल्यावर कारागिराला चोर म्हणायचे. संध्याकाळी गाडी हवीच म्हणून घाई करायची आणि मजुरी मात्र पुढच्या महिन्यावर ढकलायची, हेही कमी मापच आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही इब्ने माजामधील हदीस आपण व्यासपीठावरून पुष्कळदा ऐकवतो. गॅरेजच्या दारात तिचा विसर पडू नये.

पुढे काय झाले?

तरुण गॅरेजमध्ये गेला. चारचौघांत आवाज न चढवता त्याने उस्तादांना बाजूला घेतले आणि घडले ते सांगितले. उस्तादांनी काही न बोलता त्याच्यासमोर मागचे चाक खोलले. लायनर नवे होते, कंपनीचेच होते. परंतु त्यांच्यावर ग्रीसचा थर चढला होता आणि बाहेरचा नट नीट आवळलेला नव्हता. उस्ताद म्हणाले, “पावसाआधीची गर्दी होती. पोराने बसवले, मी पाहिले नाही. चूक माझी आहे.” त्यांनी हब साफ केला, दुसरे लायनर बसवले, स्वतः गाडी फिरवून पाहिली आणि पैसे घेण्यास नकार दिला.

अमानत शाबूत होती. देखरेख कमी पडली होती. हे त्या तरुणाला विचारल्यामुळेच कळले. समजा, उस्तादांनी चाक खोलण्यास नकार दिला असता, दोष ग्राहकाच्या चालवण्यावर ढकलला असता, किंवा जुनेच लायनर आत सापडले असते, तर पत्नीचे म्हणणे खरे ठरले असते आणि ती हदीस तेथे योग्य जागी लागू झाली असती. चूक प्रत्येकाच्या हातून होते. चूक दाखवल्यावर माणूस काय करतो, यावरून त्याची पारख होते.

मग पुढे जावे की नाही? मी सांगितले, माफी आणि भरवसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माफी एका क्षणात देता येते, द्यावीही. भरवसा मात्र कामागणिक परत येतो. त्याने माफ केले. आता तो तेलपाणी, साखळी अशी कामे तेथेच देतो. ब्रेकचे काम असेल तेव्हा सुट्टीच्या दिवशी जाऊन शेजारी उभा राहतो, आणि उस्तादांना त्याचा राग येत नाही. पत्नीनेही हे मान्य केले. मुलीला मात्र पहिले आठ दिवस रिक्षानेच शाळेत पाठवले. त्यात बदगुमानी नव्हती, आईची खबरदारी होती.

बोलावे किती?

चौकशीपूर्वी त्याच्या हाताखाली एक मोह होता : इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटात गॅरेजचे नाव टाकून सर्वांना सावध करण्याचा. तसे केले असते तर एका प्रामाणिक माणसाची रोजी एका संदेशाने गेली असती. गीबत निषिद्ध आहे. तथापि दाद मागणे, सल्ला विचारणाऱ्याला खरे सांगणे, लोकांना खऱ्या धोक्यापासून वाचवणे, अशा प्रसंगी गरजेपुरते बोलण्याची मुभा इमाम नववी (रह.) यांनी नमूद केली आहे. अट एवढीच की बोलणे पडताळलेले असावे आणि गरजेपेक्षा अधिक नसावे.

उघड फसवणूक झाली असेल आणि समोरचा दाद देत नसेल तर हक्क सोडून देण्याची सक्ती नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रारीपूर्वी समोरच्याला दुरुस्तीची एक संधी द्यावी, हे शहाणपणाचेही आहे आणि दीनच्या शिकवणीशी जुळणारेही.

कुर्ल्याच्या सी.एस.टी. मार्गापासून जोगेश्वरीपर्यंत आपली कितीतरी मुले याच कामावर घर चालवतात. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर त्याने नट आवळताना एवढेच आठवावे की या गाडीच्या मागच्या बैठकीवर कोणाचे तरी लेकरू बसणार आहे, आणि ग्राहक पाहत नसला तरी अल्लाह पाहत आहे.

अल्लाह आपल्या कारागिरांच्या हाती कौशल्य आणि अंतःकरणात अमानत देवो, आणि आपल्याला न्यायाने पारखण्याची व मोकळ्या मनाने माफ करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.