रात्रीत बॅटरी उतरते, हवाही उतरते

प्रश्न : आमचा जुना ट्रेलर सकाळी सेल्फ उचलत नाही, टाकीतली हवाही उतरलेली असते. बॅटऱ्या नव्या टाकल्या. आता कॉम्प्रेसर बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. कॉम्प्रेसरचे काम हवा भरण्याचे. टाकी आणि कॉम्प्रेसर यांच्यामध्ये चेक व्हॉल्व्ह असतो, तो इंजीन बंद असताना हवा मागे जाऊ देत नाही, त्यामुळे रात्रीत उतरणारी हवा बहुधा पुढच्या वाटेवर गळते. चाकांना उटी लावा, हवा पूर्ण भरा, इंजीन बंद करा आणि कान द्या. पेडल दाबल्यावरच फुसफुस आली तर फूट व्हॉल्व्ह किंवा ब्रेक चेंबरचा डायफ्राम पाहा. पार्किंग ब्रेक सोडल्यावरच आली तर स्प्रिंग चेंबर. नेमकी जागा साबणाचे पाणी दाखवते. ट्रेलरचा पाइप वेगळा करून पाहिला, तर दोष घोड्यात (पुढच्या इंजीनवाल्या भागात) की मागच्या ट्रेलरमध्ये, हेही कळते.

आता सेल्फचे. ‘अल्टरनेटर २८ व्होल्ट देतोय, मग वायरिंग ठीकच’ असे मेकॅनिक म्हणेल. पण ते माप सेल्फच्या भाराखालचे नव्हे. सेल्फ मारताना मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थिंग खराब आहे, आणि नव्या बॅटऱ्याही हरतील. टेपसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले असतील (अनेक जुन्या गाड्यांत काढलेले असतात), तर ती अर्धपोटी राहते आणि जोडीदार जादा चार्ज होते. तिथे कन्व्हर्टर बसवा. दोन्ही बिघाड एकाच सकाळी दिसतात, म्हणून मूळ एकच असेल असे नाही.