आधी ग्रीनकडे बघ

अगं, ‘माझा फटका लांब जात नाही’ हे आधी मनातून काढून टाक बघू. सगळं ताकदीवरच ठरत असतं, तर अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकच्या गोल्फमध्ये चौथी आली नसती. टीवरून तिच्यापेक्षा लांब मारणाऱ्या तिथे कितीतरी जणी होत्या. ती टिकली ती डोक्यावर आणि पटिंगवर.

लॉस एंजेलिसच्या रिव्हिएरा क्लबचा दहावा होल घे. 1920च्या दशकात जॉर्ज थॉमस यांनी तो आखला. पार 4, अंतर जेमतेम 315 यार्ड. आजचे खेळाडू टीवरूनच ग्रीन गाठू शकतात आणि त्या मोहातच अडकतात. कारण ग्रीन अरुंद आहे आणि तिरकं बसवलेलं आहे. डावीकडून आलीस तर त्याची सगळी लांबी तुझ्यासमोर असते. उजवीकडून मात्र मध्ये बंकर येतो, चेंडू टेकवायला जागा उरत नाही आणि उतारही पलीकडे धावतो. म्हणजे ग्रीनच्या अगदी जवळ असूनही पंचाईत, आणि बरीच मागे पण डावीकडे राहिलीस तर साधा वेजचा फटका.

तुला पुढे होल आखायचेत ना? मग हे मर्म नीट धरून ठेव. त्या होलवर पाण्याचा थेंब नाही, तरी भले भले विचारात पडतात. कागदावर आधी ग्रीन काढ, त्याचा कल ठरव, मग टीकडे मागे ये. बंकरांची गर्दी नको. मोह जिथे ओढतो तिथेच ते ठेव. आणि फेअरवे रुंद ठेव, बाई. रुंदी असली तरच निवड करता येते, आणि नवशिक्या मुलीलाही तिच्या बेताची वाट मिळते. फक्त त्या सोप्या वाटेची किंमत पुढच्या फटक्यात द्यावी लागली पाहिजे.

खेळतानाही असंच मागून पुढे ये. झेंडा कुठे आहे, तिथे कुठल्या बाजूने जाणं सोपं, तुझा भरवशाचा फटका किती यार्डांचा, हे ठरलं की मगच क्लब काढ. कॅरममध्ये एक सोंगटी घेतानाच पुढचीची सोय लावतेस, तसंच. भरवशाचा म्हणजे कधीतरी छान बसलेला नव्हे, नेहमी बसणारा.

धाडस करूच नकोस असं मी म्हणत नाही. वारा पाठीशी असेल, सामना हातातून निसटत असेल, तर खुशाल मार. पण चुकला तर चेंडू कुठे पडलेला चालेल, ते आधी ठरव.

2028च्या ऑलिम्पिकमधलं गोल्फ रिव्हिएरावरच ठरलंय. तोवर एक कर. संध्याकाळी खेळ थांबला की आपल्या कोर्सवरचा एकेक होल ग्रीनकडून टीकडे चालत जा आणि प्रत्येक बंकर तिथेच का आहे, ते स्वतः शोधून काढ.