यकृताचा सिरॉसिस : उपद्रव, उपचार आणि आपली जबाबदारी

उजव्या बरगड्यांच्या आड असलेले यकृत हा शरीरातील फार सोशिक अवयव आहे. त्याचा मोठा भाग निकामी होईपर्यंत ते तक्रार करीत नाही. त्यामुळे कोगनोळी-निपाणी परिसरात सिरॉसिसचा रुग्ण बहुधा प्रथम भेटतो तो पोट फुगून पायांवर सूज आल्यावर, किंवा अपरात्री रक्ताची उलटी झाल्यावर. त्या वेळी काय करावे आणि ती वेळ येऊ नये म्हणून काय करता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

यकृताला दीर्घकाळ इजा होत राहिली की त्यात तंतूंचे जाळे विणले जाते, मध्ये गाठी तयार होतात आणि यकृत कठीण होते. मद्य हे याचे ठळक कारण आहेच. पण हेपॅटायटिस बी व सी, तसेच लठ्ठपणा आणि मधुमेह यांमुळे साचणारी चरबी ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत. ‘दारूला स्पर्शही नाही, मग लिव्हर कसे बिघडेल?’ हा प्रश्न आता गैरलागू ठरला आहे.

आतडी व प्लीहा यांचे रक्त पोर्टल नीलेतून यकृताकडे जाते. पाटात गाळ साचला की पाणी बांधावरून दुसरी वाट शोधते, तसेच येथे घडते. रक्त अन्ननलिकेच्या व जठराच्या शिरांकडे वळते आणि त्या फुगतात. पोर्टल व यकृत नीलांमधील दाबाचा फरक सामान्यतः ५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असतो. तो १० झाला की उपद्रवांची शक्यता वाढते आणि १२ च्या पुढे फुगलेल्या शिरा फुटू शकतात.

आपल्या मुलखात या आजाराचा एक बोधप्रद इतिहास आहे. पूर्वी तान्ह्या व लहान मुलांना होणारा सिरॉसिस बहुधा जीवघेणा ठरे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासाने लक्ष वेधले ते पितळेच्या व तांब्याच्या भांड्यांकडे. त्यांत तापविलेल्या व ठेवलेल्या दुधात तांबे उतरते आणि ते बाळाच्या यकृतात साठते, असे दिसून आले. पेनिसिलामाइन या औषधाने, विशेषतः लवकर दिल्यास, अनेक मुले वाचली. स्टीलची भांडी घरोघर आली आणि हा आजार दुर्मिळ झाला. स्वयंपाकघरातील एका बदलाने जे साधले, ते मोठ्या शस्त्रक्रियांनीही साधले नसते.

रक्ताची उलटी : हा उपद्रव सर्वांत भयावह आहे. रुग्णाला कुशीवर झोपवावे, तोंडाने काही देऊ नये आणि विनाविलंब दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. काळी, डांबरासारखी शौच हीदेखील तितकीच गंभीर खूण समजावी. प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी दोन जाड सुया लावून सलाइन बेताने द्यावे. हृदयविकार नसल्याची खात्री करून टर्लिप्रेसिन, अन्यथा ऑक्टरिओटाइड सुरू करावे. सेफ्ट्रायॅक्सोनचा १ ग्रॅमचा पहिला डोस रवानगीपूर्वीच द्यावा. जंतुसंसर्ग रोखल्याने मृत्यू घटतात. हिमोग्लोबिन ७ ते ८ च्या आसपास राखणे पुरेसे असते. अतिरिक्त रक्त दिल्यास दाब वाढून पुन्हा स्राव होतो. रुग्ण स्थिरावल्यावर १२ तासांच्या आत दुर्बिणीद्वारे शिरांना रबरी कडी बसविली जाते. पुढे प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल आणि ठरावीक अंतराने पुन्हा बँडिंग आवश्यक असते.

जलोदर : दिवसभरात मीठ साधारण ५ ग्रॅमच्या आत ठेवावे. पापड, लोणचे, खर्डा यांतील मीठही हिशेबात धरावे. स्पायरोनोलॅक्टोन १०० मिलिग्रॅम व फ्युरोसेमाइड ४० मिलिग्रॅम या प्रमाणात प्रारंभ करून क्षारांवर लक्ष ठेवावे. एका वेळी ५ लिटरहून अधिक पाणी काढल्यास प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन द्यावे. ताप, पोटदुखी किंवा अकारण प्रकृती खालावल्यास पोटातील पाणी तपासलेच पाहिजे. त्यात न्यूट्रोफिल पेशी दर घनमिलिमीटरला २५० किंवा अधिक आढळल्या, तर तो जंतुसंसर्ग समजून तत्काळ प्रतिजैविके व अल्ब्युमिन द्यावे. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या अशा रुग्णाला वर्ज्य आहेत. त्यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

संभ्रम व गुंगी : रात्रीची झोप उडणे, दिवसा पेंगणे, हातांना झटके येणे, असंबद्ध बोलणे ही लक्षणे घरच्यांनीच प्रथम ओळखावयाची असतात. बद्धकोष्ठ, रक्तस्राव, संसर्ग वा झोपेच्या गोळ्या हे कारण शोधावे. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतके लॅक्टुलोज द्यावे. वारंवार त्रास होत असल्यास रिफॅक्सिमिन जोडावे. प्रथिने बंद करण्याची जुनी पद्धत आता चुकीची ठरली आहे. डाळ, दूध, अंडी चालू ठेवावीत आणि झोपण्यापूर्वी दूध-भाकरीसारखा थोडा आहार द्यावा. रात्रभराचा उपास स्नायू झिजवितो.

सिरॉसिसच्या प्रत्येक रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, कारण त्यात यकृताचा कर्करोग उद्भवू शकतो. लहान गाठ वेळीच सापडली तर इलाज आहे.

प्रतिबंधाचे उपाय आपल्या हातांत आहेत. हेपॅटायटिस बीची लस बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत मिळावी. राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी व औषधे मोफत आहेत. हेपॅटायटिस सी तर गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो. मद्य सोडल्यास सिरॉसिस झालेल्याचेही आयुष्य वाढते. कावीळ उतरविण्यासाठी अज्ञात झाडपाला देण्याने मात्र उरलेसुरले यकृतही धोक्यात येते.

सीमेवरील आपल्या गावांना आणखी एक दक्षता हवी. कोल्हापूर गाठावे की बेळगाव, आणि कोणते योजनेचे कार्ड कोठे चालते, याची चौकशी रुग्ण बरा असतानाच करून कुटुंबाने लिहून ठेवावी. मध्यरात्री दारात वाहन उभे असताना ही चर्चा होऊ नये. आपल्या रुग्णाला हा कागद करून देणे, हेही औषधाइतकेच डॉक्टरांचे कर्तव्य आहे.