लांब झालेला डॅश

शनिवारी सकाळी मी मेथी निवडत बसले होते आणि फोन आला. "मॅडम, ट्रायल म्हणून ड्राय-रन मारला, तर फाइली खरंच उडाल्या हो!" सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्या मुलाचा आवाज रडवेला झाला होता.

प्रोग्राम माझाच होता. स्कॅन केलेली जुनी बिलं साफ करायला जावात लिहिलेलं छोटंसं टूल. सबकमांड दोनच: 'लिस्ट' म्हणजे यादी दाखव, 'पर्ज' म्हणजे पुसून टाक. पर्जला फोल्डरचा पत्ता द्यायचा आणि पुढे दोन डॅश जोडून ड्राय-रन लिहिलं की न पुसता नुसती नावं छापायची. एवढ्याशा कामाला लायब्ररी कशाला, म्हणून मेनमध्ये येणाऱ्या आर्ग्जवर एक फॉर लूप फिरवला, चार इफ लिहिले आणि मोकळी झाले.

त्याने चालवलेली ओळ मागवली. वरवर सगळं बरोबर. फॉण्ट मोठा केल्यावर दिसलं, की ड्राय-रनच्या आधी दोन आखूड डॅशांच्या जागी एकच लांब डॅश आहे. मॅन्युअल मी वर्डमध्ये लिहिलं होतं. ऑटोकरेक्टने दोन डॅशांचा एक केला आणि पोराने तो इमानदारीत कॉपी-पेस्ट केला. माझ्या चारही इफांना ते काही जुळलं नाही. शेवटचा एल्स मी लिहिलाच नव्हता. लूप पुढे सरकला, ड्राय-रन फॉल्सच राहिलं.

आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं.

त्या मुलाची यात काडीची चूक नव्हती. जे कळलं नाही ते गिळून पुढे जाणारा प्रोग्राम मी लिहिला होता. तुम्ही हातानेच पार्सिंग करणार असाल तर तो शेवटचा एल्स आधी लिहा: काय कळलं नाही ते एरर स्ट्रीमवर छापा आणि एक्झिट कोड २ देऊन थांबा.

मी मात्र नंतर पिकोक्ली ही जावाची लायब्ररी वापरायला घेतली. प्रत्येक सबकमांडचा स्वतंत्र क्लास, पर्यायांवर अ‍ॅनोटेशन, हेल्प आपोआप तयार. अनोळखी पर्याय आला की ती अडते. स्पेलिंग थोडं चुकलं असेल तर 'हे म्हणायचं होतं का' असंही सुचवते. पण माझा लांब डॅश तिच्याही लेखी पर्याय नव्हताच! साध्या डॅशने सुरू न होणारा शब्द ती फोल्डरच्या पत्त्यासारखा मोकळा शब्द समजते. मी पत्त्यासाठी एकच फील्ड ठेवलं होतं, म्हणून जादाचा शब्द तिने नाकारला. 'असू दे, पुढेमागे लागेल' म्हणून तिथे अनेक पत्ते घेणारी लिस्ट ठेवली असती, तर तो शब्दही दुसरा फोल्डर म्हणून मुकाट्याने आत गेला असता. तेव्हा जितकं लागतं तितकंच स्वीकारा.

आणखी एका ठिकाणी ठेच लागली. पिकोक्लीचं एक्झिक्यूट एक्झिट कोड नुसता परत देतं. तो सिस्टिम-एक्झिटला आपणच द्यावा लागतो. मी विसरले. आत एरर येत होती आणि टूल रोज आपोआप चालवणाऱ्या क्रॉनच्या स्क्रिप्टला शून्य मिळत होतं, म्हणजे सगळं आलबेल.

पण खरी दुरुस्ती लायब्ररीतली नव्हेच. मी पर्जचा स्वभावच उलटा केला. आता ते काहीही न सांगता नुसती यादी दाखवतं. पुसायचं असेल तर दोन डॅश लावून 'कन्फर्म' लिहावं लागतं. चुकून पर्याय निसटला तर फार तर यादी छापली जाईल.

मॅन्युअल आता साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतं. शिवाय लांब डॅश देऊन एक्झिट कोड २ येतो का, हे पाहणारी एक टेस्ट लिहिली आहे. तिच्यात तो डॅश थेट टाइप केला तर पुढचा कोणी टायपो समजून नीट करील, म्हणून त्याचा युनिकोड क्रमांक, २०१३, घातला आहे.