साथीच्या रोगांचा प्रतिबंध आणि शाळेचा हजेरीपट

साथीचा रोग गावात शिरतो तो दवंडी पिटून नव्हे. पहिल्या दिवशी एक मूल शाळेत येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच आळीतील आणखी दोघे येत नाहीत. दवाखान्याच्या नोंदवहीत ही नावे बहुधा काही दिवसांनी चढतात. हजेरीपटात मात्र त्यांची नोंद त्याच दिवशी झालेली असते. ह्या नोंदीचे मोल शिक्षकांच्या ध्यानी यावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रोगाच्या प्रसारास तीन गोष्टी लागतात : रोगजंतूंचे उगमस्थान, त्यांच्या प्रवासाचा मार्ग आणि प्रतिकारशक्ती नसलेला मनुष्य. ह्या साखळीची कडी तोडणे हेच आरोग्य विभागाचे कार्य होय. रोगी शोधून त्यावर उपचार करणे, पाणी शुद्ध करणे आणि लस टोचणे हे त्याचे तीन उपाय. परंतु कडी कोठे तोडावी हे कळण्यास रोगी कोठे आहेत हे आधी कळावे लागते.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो मृतांची यादी घेऊन घरोघर फिरले. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या आसपास घडले होते. त्यांनी ही गोष्ट तेथील स्थानिक मंडळाच्या निदर्शनास आणली व मंडळाने पंपाचा दांडा काढून टाकला. रॉबर्ट कॉख ह्यांनी पटकीचा जंतू जगापुढे मांडला तो त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी. जंतूची ओळख पटण्यापूर्वीच नीट ठेवलेल्या नोंदींनी रोगाचा मार्ग दाखविला होता.

आपल्याकडे अशी वार्ता आशा कार्यकर्ती व उपकेंद्राची आरोग्यसेविका ह्यांच्याकडून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे आणि तेथून तालुका व जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाते. वार्ता पोचताच घरोघर पाहणी होते, शौचाचे व पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात, ग्रामपंचायत फुटलेली नळवाहिनी दुरुस्त करते व पाण्यात विरंजक चूर्ण टाकले जाते. रोग गोवराचा असल्यास लस राहून गेलेली बालके शोधली जातात व रोगी बालकांस 'अ' जीवनसत्त्व दिले जाते. ही सर्व यंत्रणा हलते ती पहिल्या वार्तेने.

काही वर्षांपूर्वी श्रावणात मी एका शाळेस भेट दिली. तिसरीत सहा मुले गैरहजर होती. हजेरीपटावर सही करताना मी शेरा लिहिला, "उपस्थिती कमी, सुधारावी." सहाही मुले एकाच वस्तीतील आहेत हे मी पाहिले नाही, विचारलेही नाही. चार दिवसांनी कळले की, त्या वस्तीत अतिसाराची लागण होती. गटारातून गेलेली नळवाहिनी फुटली होती. तेवढ्या अवधीत लागण शेजारच्या वस्तीत पोचली आणि त्या वर्गातील एका मुलीस तालुक्याच्या रुग्णालयात सलाइन लावावे लागले. ती बरी झाली. पण तो शेरा माझ्या मनातून अद्याप पुसला गेलेला नाही.

ह्यास्तव शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. गैरहजेरीचे कारण त्याच दिवशी विचारून घ्यावे. केवळ 'आजारी' असे न लिहिता जुलाब, ताप, पुरळ, कावीळ असे लक्षण लिहावे.

२. एकाच वस्तीतील दोन मुलांस दोन-तीन दिवसांच्या आत जुलाब-उलट्या झाल्यास आरोग्यसेविकेस त्याच दिवशी कळवावे. ताप व पुरळ असलेले एक मूल आढळले तरी कळवावे. कारण गोवर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून पुरळानंतर चार दिवसांपर्यंत पसरू शकतो. खात्री होईपर्यंत थांबू नये. निदान करणे हे वैद्यकीय अधिकाऱ्यांचे काम आहे.

३. शाळेत जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. मोठे पाकीट पूर्णपणे एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावे व ते पाणी चोवीस तासांच्या आत वापरावे.

४. रोगी मुलाचे नाव वर्गात उच्चारू नये. लाज वाटली की घर रोग लपविते आणि वार्ता तेथेच खुंटते.

पाचवी ते सातवीच्या मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. त्यात आळ्या, विहिरी, नळकोंडाळी, हातपंप व गटारे दाखवावीत. ब्रॉड स्ट्रीटची कथा सांगून साथ आल्यास आपण प्रथम कोठे पाहू, असा प्रश्न मुलांस विचारावा. तोच नकाशा कार्यालयात लावून ठेवल्यास प्रसंगी शिक्षकांसही उपयोगी पडेल.

पावसाळ्यापूर्वी आरोग्यसेविकेचा व प्राथमिक आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक हजेरीपटाच्या पहिल्या पानावर लिहावा. पुढील शाळाभेटीत मी तेच पान प्रथम उघडीन.