उरलेल्या लोकरीचे अंगडे-टोपडे

दिवाळी सरली की नांदेड-लातूरच्या बाजारपेठेत लोकरीचे रंगीत गुंडे दिसू लागतात. घरोघरी स्वेटर, मफलर विणले जातात. प्रत्येक कामाच्या शेवटी कुठे अर्धा गुंडा, कुठे मूठभर धागा उरतो. तो पिशवीत जातो, पिशवी कपाटावर जाते, आणि दोन-तीन वर्षांनी तिच्यात नुसता गुंता उरतो. या लोकरीतून नवजात बाळाचे टोपडे, मोजे आणि दुपटे सहज होते. ते कसे करावे, कोणासाठी करावे आणि कसे द्यावे, याचा विचार या लेखात केला आहे. सुया धरता येणाऱ्या भगिनींना यातील काही भाग परिचित असेल. विद्यार्थ्यांनी मात्र तो पाठ म्हणून वाचावा.

१. उरलेले आणि उतरलेले

प्रथम एक प्रश्न सोडवला पाहिजे. उरलेल्या वस्तूचे दान करावे काय? आपल्या समाजाला हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक टोचतो, आणि तो टोचलाच पाहिजे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. गावगाड्यात महारांचे जे 'हक्क' मानले जात, त्यांत मढ्यावरचे कापडही मोजले जाई. शिळे अन्न आणि उतरलेले कापड पदरात पडणे, यालाच हक्क असे नाव होते! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच महाडच्या मुक्कामात बाबासाहेबांनी स्त्रियांना उपदेश करताना कपड्यांचाही विषय घेतला. वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असले पाहिजे, हा त्याचा आशय होता. गरिबी असेल, पण लाचारी नको.

ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हे भोगले, त्यांनी दुसऱ्याला देताना दुप्पट काळजी घेतली पाहिजे. म्हणून 'उरलेले' आणि 'उतरलेले' या दोन शब्दांत फरक करावा. वापरून जुना झालेला, आपल्याला नकोसा झालेला कपडा म्हणजे उतरलेले. उरलेली लोकर ही कोरी सामग्री आहे, आणि तिच्यातून होणारी वस्तू नवी असते. तिच्यात आपले श्रम नव्याने पडतात. तरीही एक कसोटी लावावी. हे टोपडे आपल्या स्वतःच्या नातवंडाच्या नामकरणाला आपण घालू काय? उत्तर 'नाही' असेल, तर ते दुसऱ्याच्या बाळालाही देऊ नये.

सामग्री वाया न घालवण्याची शिकवण आपल्याकडे फार जुनी आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. इतक्या वस्त्रांचे हे श्रमण काय करणार, असे राजाला वाटले आणि त्याने जाऊन विचारले. आनंदांनी सांगितले की, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना ही वाटू. जुन्या चीवरांचे पलंगपोस करू, जुन्या पलंगपोसांच्या गादीच्या खोळी, जुन्या खोळींचे जमिनीवरचे आंथरूण, आंथरुणाचे पायपुसणे, पायपुसण्याचे धूळ झटकायचे फडके. आणि ते फडकेही फाटले म्हणजे त्याचे तुकडे चिखलात कालवून जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले. आपल्या आया-आज्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत आल्या, ती याच विचाराने. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या प्रसंगातही दुसऱ्या भिक्खूंना वाटली गेली ती नवी वस्त्रे. जुने ते ज्याचे त्यानेच उपयोगात आणले.

२. बाळाला टोपडे का लागते?

आईच्या पोटात बाळ उबेत असते. जन्मताच ते ओल्या अंगाने थंड हवेत येते. त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे, म्हणजे एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. त्यामुळे उघड्या डोक्यातून पुष्कळ उष्णता निघून जाते. नवजात बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे लागते. ते त्याखाली गेले की बाळ गार पडते, सुस्त होते, दूध ओढत नाही. जन्मतः २.५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगात चरबी कमी असते, त्यामुळे त्याला हा धोका अधिक असतो. डिसेंबर-जानेवारीतील मराठवाड्याची पहाट आणि पत्र्याचे घर डोळ्यांपुढे आणले की अधिक सांगण्याची गरज उरत नाही.

आपल्या महाराष्ट्रातच याचा मोठा अभ्यास झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तेथील ३९ गावांत नवजात मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६२ वरून सुमारे २५ पर्यंत खाली आले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जंतुसंसर्गावर वेळीच उपचार, स्तनपान आणि बाळाला ऊब, अशी अनेक कामे त्यांत एकत्र होती.

दुसरे उदाहरण परदेशातील आहे. १९७८ च्या सुमारास कोलंबिया देशातील बोगोटा शहरात, कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत सुरू झाली. तिला कांगारू पद्धत म्हणतात, आणि आता ती आपल्याकडील रुग्णालयांतही शिकवतात. या पद्धतीत बाळाच्या अंगावर लंगोट, पायांत मोजे आणि डोक्यावर टोपडे एवढेच असते. आपण जे विणणार आहोत त्याची जागा नेमकी येथे आहे.

तथापि टोपड्याचे महत्त्व आहे तेवढेच सांगावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात नवजात बालके दगावल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. औषधे, परिचारिका आणि खाटा यांची जागा कोणतेही टोपडे घेऊ शकत नाही. ती मागणी नागरिक म्हणून करतच राहिली पाहिजे. टोपडे हे तिला जोड म्हणून आहे.

३. लोकर कशी निवडावी?

बाजारात आपण ज्याला लोकर म्हणतो ती बहुतेक ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा असते. धागा ओळखण्यासाठी बोटभर तुकडा चिमट्यात धरून, मुलांपासून दूर, जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली तर ती खरी लोकर. धागा वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. आपल्या भागातील घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची असते. ती टिकाऊ खरी, पण तिचा धागा राठ असतो. तो बाळाला टोचतो, म्हणून तो येथे वापरू नये. मऊ ॲक्रिलिक धुवायला सोपे आणि लवकर वाळणारे असल्याने चालते. मात्र ते आगीजवळ वितळते, म्हणून चुलीजवळ वा शेगडीजवळ बसताना जपावे. केसाळ लोकर आणि जरीचा धागा बाजूला काढावा.

पिशवीतील लोकर आधी जाडीप्रमाणे वेगळी करावी, मग रंगाप्रमाणे. तीन पदरी व चार पदरी धागा एकाच टोपड्यात मिसळल्यास वीण ओढली जाते. गुंता सोडवून लोकरीची सैल लडी करावी, ती साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावी आणि मग गुंडा करावा. एका टोपड्यास चार पदरी लोकर साधारण २० ते २५ ग्रॅम लागते. थोडा धागा उरला असेल तर पुढची ओळ पुरी होईल का, हे पाहण्याची एक युक्ती आहे. विणकामाच्या रुंदीच्या चौपट धागा हाताशी असेल तरच ओळ सुरू करावी.

४. टोपड्याचा पाठ

साहित्य : चार पदरी लोकर, १० नंबरच्या दोन सुया, बोथट टोकाची एक शिवणाची सुई, मोजपट्टी.

प्रथम नमुना विणून पाहावा. २८ टाक्यांत १० सेंटीमीटर रुंदी आली पाहिजे. जास्त आली तर बारीक सुया घ्याव्यात, कमी आली तर जाड. नमुन्याचा कंटाळा करू नये. टोपडे मोठे झाले तर ते डोळ्यांवर येते, लहान झाले तर निघून पडते.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असतो. वीण ताणते, म्हणून टोपडे ३० सेंटीमीटर घेराचे करावे.

(अ) ८४ टाके सैल घालावेत. १ सुलट, १ उलट अशा १० ओळी विणाव्यात. ही बॉर्डर झाली.
(आ) नंतर एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे विणत एकूण उंची ११ सेंटीमीटर करावी. शेवटची ओळ उलट असावी.
(इ) आता माथा कमी करावयाचा. पुढील प्रत्येक सुलट ओळीनंतर एक ओळ पूर्ण उलट विणावी. पहिली सुलट ओळ : ५ सुलट, २ टाके एकत्र, असे शेवटपर्यंत (७२ टाके राहतात). दुसरी : ४ सुलट, २ एकत्र (६०). तिसरी : ३ सुलट, २ एकत्र (४८). चौथी : २ सुलट, २ एकत्र (३६). पाचवी : १ सुलट, २ एकत्र (२४). सहावी : सर्व टाके दोन-दोन एकत्र (१२). या सहाव्या ओळीनंतर उलट ओळ विणू नये.
(ई) ३० सेंटीमीटर धागा ठेवून कापावा. तो शिवणाच्या सुईत ओवून बाराही टाक्यांतून काढावा, घट्ट ओढावा आणि त्याच धाग्याने बाजू शिवावी.

कमी वजनाच्या बाळासाठी ७२ टाके घालावेत, उंची ९ सेंटीमीटर झाली की माथा सुरू करावा, आणि तो '४ सुलट, २ एकत्र' या ओळीपासून धरावा.

रंग बदलावयाचा तर तो ओळीच्या सुरुवातीसच बदलावा. दोन्ही धाग्यांची १०-१० सेंटीमीटरची टोके सोडावीत आणि शेवटी ती सुईने शिवणीत दडवावीत. मधोमध गाठ मारू नये. ती बाळाच्या डोक्याला रुतते.

५. मोजे आणि दुपटे

टाचेशिवायचा मोजा सर्वांत सोपा. ३२ टाके घालून २ सुलट, २ उलट अशी वीण १२ सेंटीमीटर विणावी. मग एका ओळीत दोन-दोन टाके एकत्र (१६ राहतात), पुढच्या ओळीत पुन्हा तसेच (८ राहतात), आणि त्यांतून धागा ओढून बाजू शिवावी. ही वीण ताणून पायाला धरते, त्यामुळे बंद लागत नाहीत.

दुपट्यासाठी १० सेंटीमीटरचे चौकोन सर्व ओळी सुलट विणून करावेत. सहा गुणिले सहा, असे ३६ चौकोन जोडले की ६० सेंटीमीटरचे दुपटे होते. नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी हे काम उत्तम, कारण बारा जणांनी तीन-तीन चौकोन केले की एक दुपटे पुरे होते आणि कोणावरही भार पडत नाही.

६. घ्यावयाची दक्षता

नाडी, बंद, मणी, बटण, गोंडा यांपैकी काहीही लावू नये. नाडी गळ्यात अडकते, मणी तोंडात जातो. मोज्याच्या आत सुटा धागा राहिला तर तो बाळाच्या बोटाला वेढून रक्तपुरवठा बंद करू शकतो, म्हणून प्रत्येक मोजा उलटा करून तपासावा. जाळीची वीण टाळावी. बाळाला आधी कोरडे करून मगच टोपडे घालावे, आणि ते ओले झाल्यास लगेच बदलावे. जन्मानंतर किमान २४ तास आंघोळ घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळाला घाम आला, अंग तापले तर टोपडे काढावे. निरोगी बाळ उबदार खोलीत झोपलेले असताना टोपडे घालून ठेवू नये, ते तोंडावर सरकू शकते. एप्रिल-मे महिन्यांत तर लोकर नकोच, त्या दिवसांत सुती कापड बरे. दवाखान्यात असलेल्या बाळाबाबत डॉक्टर व परिचारिका सांगतील तेच करावे.

७. देण्याची रीत

विणण्याआधी विचारावे. कोणत्या मापाची, किती टोपडी हवीत, हे प्रसूती विभागाच्या परिचारिकेला किंवा गावातील आशा कार्यकर्तीला ठाऊक असते. २००६ साली 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेने अमेरिकेतील विणणाऱ्यांना नवजात बाळांसाठी टोपडी विणण्याचे आवाहन केले होते. आपले बाळ शेजारच्या गल्लीतच आहे, तेव्हा विचारणे आपल्याला अधिक सोपे.

प्रत्येक नग धुऊन, वाळवून, स्वच्छ पिशवीत घालून द्यावा. सोबत माप आणि धुण्याची रीत मराठीत लिहिलेली चिठ्ठी असावी. देताना आई-बाळाचे छायाचित्र काढू नये. सत्कार आणि भाषण तर नकोच. ज्या घरात नुकतेच बाळ आले आहे, त्या घरी शेजारणीने जावे तसे जावे.

शेवटी हिशेबाचे. बँकेत दिवसअखेर ताळा जमल्याशिवाय उठता येत नाही, ती शिस्त येथेही कामी येते. एक साधी वही घालावी. डाव्या बाजूस कोणाकडून किती ग्रॅम लोकर आली ते लिहावे. उजव्या बाजूस किती टोपडी, मोजे व दुपटी झाली आणि ती कोठे पोहोचली ते लिहावे. घेणाऱ्या आईचे नाव मात्र लिहू नये. तारीख, माप आणि नग एवढे पुरेसे आहे. तिच्या अंगणात कोणाच्या उपकाराची नोंद राहू नये, आपल्या वहीत मात्र एकही ग्रॅम लोकर बेहिशेबी राहू नये.

विद्यार्थ्यांनी या हिवाळ्यात दोन कामे करावीत. घरातील उरलेली लोकर शोधून वजन करावी, आणि २८ टाक्यांचा एक नमुना विणून मोजावा. रुंदी १० सेंटीमीटर भरली की ८४ टाके घालावेत.